गाड्या तापवून देणारे मामा

धूर तपासणी केंद्राच्या फाटकाबाहेर, रखवालदाराच्या खोलीला पाठ लावून एक खुर्ची असे. तिचा एक हात तुटलेला होता आणि दुसऱ्या हातावर बहुधा एक निळी टोपी लटकत असे. टोपी खुर्चीवर असली की समजावे, मामा कुणाची तरी गाडी तापवायला गेले आहेत. टोपी डोक्यावर असली की समजावे, मामा मोकळे आहेत. आणि मामा मोकळे असले की बोलत असत. तिसरी अवस्था त्या फाटकावर कुणी पाहिली नव्हती.

ते नेमके कुणाचे मामा होते, हे कुणालाच सांगता आले नसते. त्यांना सख्खी बहीणच नव्हती. बत्तीस वर्षे त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. त्या काळात वाहकांपासून प्रवाशांपर्यंत साऱ्यांनी त्यांना मामा म्हटले, आणि निवृत्तीच्या दिवशी पेन्शनच्या कागदांबरोबर ते नातेही घरी आले.

त्या शहरात गाडीवरचा कर तिच्या लांबीरुंदीवर किंवा किमतीवर ठरत नसे. तो ठरे तिच्या धुरावर. वर्षातून एकदा गाडी केंद्रावर न्यायची, तिची चाके रुळांवर फिरवायची, सायलेन्सरच्या तोंडात नळी खुपसायची, आणि एका किलोमीटरमागे किती ग्रॅम धूर सोडते ते यंत्राने सांगायचे. त्या ग्रॅमांचे पाच टप्पे केलेले होते. पहिल्या टप्प्यातल्या गाडीला कर नावापुरता. पाचव्यातल्या गाडीचा कर असा, की दाखला वाचता वाचता मालकाने खाली बसावे. म्हणूनच की काय, दाखल्याच्या खिडकीसमोर केंद्राने एक भक्कम बाक टाकून ठेवला होता.

मामांचा या सगळ्याशी संबंध आला तो तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांमुळे. मामा निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि घरातल्या प्रत्येक डब्याचे झाकण त्यांनी दुरुस्त करून बिघडवले होते. मामी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. शांततेची त्यांना सवय होती आणि ती आता मोडत चालली होती. त्यांनीच डॉक्टरांना सुचवले, की तुम्हाला वेळ नसतो, तर यांना पाठवा ना गाडी घेऊन.

मामा गाडी घेऊन गेले, दोन तास रांगेत बसले आणि तिसऱ्या टप्प्याचा दाखला घेऊन परतले. डॉक्टर काही बोलले नाहीत. दातांच्या डॉक्टरांचे न बोलणे काय असते, हे त्यांच्या खुर्चीत बसलेल्यांनाच कळेल. मामांना मात्र तो अपमान गाडीचा नव्हे, स्वतःचा वाटला. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फेरतपासणीचा अर्ज भरला. या वेळी गाडी आधी शाळेमागच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये घातली, पुलावरून फिरवून आणली आणि इंजिन बंद न करता सरळ रुळांवर चढवली. तीच गाडी, तेच यंत्र, आणि दाखला पहिल्या टप्प्याचा.

“यात जादू काही नाही,” मामा पुढे प्रत्येकाला सांगत. “सायलेन्सरच्या आधी धूर गाळणारा एक डबा असतो. तो तापल्याशिवाय काम करत नाही. थंड गाडी अर्धं पेट्रोल खाते आणि अर्धं थुंकते. तुम्ही लोक रांगेत तिला थंड करता, आणि मग म्हणता, सरकार लुटतं!”

ही विद्या फाटकापुढच्या रांगेत पसरायला एक आठवडा पुरला. महिन्याभरात खुर्ची आली. टोपी तर होतीच. मालकाने किल्ली द्यायची, मामांनी गाडी एका ठरलेल्या फेरीवर न्यायची: पाण्याची टाकी, शाळेमागचा चढ, पूल आणि परत. अकरा मिनिटे. मोबदल्याचा आकडा त्यांनी कधी सांगितला नाही. मालक गाडीच्या खणात जे ठेवील ते; आणि कुणी काही ठेवले नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या गाडीत मामांना एकाएकी असंख्य आवाज ऐकू येत.

गाडी चालवताना मात्र ते एक अक्षर बोलत नसत. कान इंजिनाकडे. चढाच्या मध्यावर कुठेतरी आवाजातली खरखर विरते, गाय दूध सोडू लागल्यावर जशी पाठ सैल करते तशी गाडी सैल होते, आणि तेवढ्यात मामा मोठ्याने म्हणत, “आता!” शेजारी कुणी नसले तरी म्हणत. त्यांच्या मते तो शब्द गाडीसाठी असे.

“जगाच्या गाड्या तापवता,” मामी म्हणायच्या, “घरात अंघोळीचं पाणी तापवायला कधी उठलात का?”

“अगं, त्यात कसब कुठंय? ते तर कुणीही तापवील.”

“हो ना. कुणीही म्हणजे मी.”

अशी सहा वर्षे गेली. मामींच्या हिशेबी त्यांचे यजमान एका तुटक्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ होते. मामांच्या हिशेबी ते खात्याचे अर्धे कामकाज होते. बस सुटली तेव्हा माणसांनी विचारणे सुटले होते, ते या फाटकावर त्यांना पुन्हा मिळाले. रखवालदार सुट्टीवर जाताना साहेबांना नंतर कळवी, मामांना आधी.

आणि मग केंद्रावर नव्या प्रमुख आल्या. वय पस्तिशीच्या आत, आवाज हळू, चप्पल बिनआवाजाची. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाखल्याच्या खिडकीतली पाच वर्षांची बाडे काढून चाळली, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या फाटकाबाहेर येऊन खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

“मामा म्हणतात ते आपणच?”

“म्हणतात खरं.” मामांनी टोपी सारखी केली. “तुमची गाडी आहे का?”

“नाही. मी बसने येते.” मॅडमनी हातातला कागद पाहिला. “मी हिशेब काढला. या शहरात पहिल्या टप्प्यातल्या गाड्या शेजारच्या शहराच्या दुप्पट आहेत. आमच्या साहेबांना वाटतं, इथले लोक फार जबाबदार आहेत.”

“आहेतच!” रखवालदार मध्येच म्हणाला आणि मॅडमनी पाहताच फाटकाची कडी तपासू लागला.

“मला वाटतं, इथे तुम्ही आहात,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही गाड्यांचा धूर लपवता.”

मामांना इतकी वर्षे कुणी असे तोंडावर बोलले नव्हते. पण बत्तीस वर्षांच्या प्रवाशांनी त्यांची कातडी पुरेशी जाड केलेली होती. “लपवत नाही, ताई. माणसाला झोपेतून उठवायचं आणि त्याच क्षणी त्याचा स्वभाव विचारायचा, हा न्याय झाला का? माझी बायकोसुद्धा चहा होईपर्यंत मला काही विचारत नाही. मी गाडीची भेट तिच्या चांगल्या वेळेला घडवून देतो, एवढंच.”

“पण गाडीवाला रोज सकाळी तिला झोपेतूनच उठवतो ना? दवाखान्यात जातो, दुकानात जातो. आठ मिनिटांचा रस्ता. ती तापायच्या आत तो पोचलेला असतो. म्हणजे तिचा रोजचा स्वभाव तोच, आणि कर मात्र तिच्या वर्षातल्या सगळ्यात गोड अकरा मिनिटांवर.”

मॅडम नमस्कार करून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर सूचना लागली: बाहेरच्या व्यक्तीस वाहने हाताळू द्यावीत की नाही, याचा निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. मामांनी ती सूचना रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःच वाचून दाखवली. आपल्यावर सरकारी कागद निघाला, ही गोष्ट त्यांना पूर्णपणे वाईट वाटत नव्हती.

घरी मात्र ते घुश्श्यात होते. “कालची पोर! म्हणे धूर लपवता. बस चालवली असती म्हणजे कळलं असतं.”

मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी फक्त सांगितले, “उद्या सकाळी सव्वाआठला स्वयंपाकघरात या. चहा तिथेच देते.”

सव्वाआठला मामा स्वयंपाकघरात बसले. खाली डॉक्टरांनी गाडी चालू केली आणि, नेहमीप्रमाणे, ती चालू ठेवून पिशवी आणायला घरात गेले. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक ओशट, कच्चा वास आत आला. मामी उठल्या, खिडकी लावली आणि परत बसल्या. दर सकाळी करायचे काम हात कसा न बघता करतो, तसे ते झाले.

“रोज लावतेस?”

“सहा वर्षं.”

“बोलली नाहीस कधी.”

“कोणाशी बोलू? पहिल्या टप्प्यातली गाडी आहे. तुम्हीच आणलाय दाखला.”

मामांनी चहा संपवला. त्या दिवशी फाटकावर ते बोलले, पण कमी बोलले. रखवालदाराने दोनदा विचारले, ताप आहे का.

चार दिवसांनी मॅडम पुन्हा खुर्चीपाशी आल्या. या वेळी हातात कागद नव्हता, बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी होती. एका इंजिनिअरिंग कॉलेजाकडून त्यांनी सहा दिवसांसाठी मागून आणलेले ते फिरते मीटर होते. गाडीच्या मागे लावायचे आणि रस्त्यावर चालतानाचा धूर मोजायचा.

“थंड गाडीचा धूर करात धरावा, असा अहवाल मला वर पाठवायचा आहे,” त्या म्हणाल्या. “पण वरचे साहेब म्हणणार, मागून आणलेलं मीटर, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसरी साक्ष लागेल. मीटर न बघता, गाडी कुठल्या मिनिटाला तापली हे नुसत्या कानाने सांगणारा माणूस लागेल.”

“आणि अहवाल मान्य झाला तर?”

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. “तर गाड्या आदल्या संध्याकाळी केंद्रात आणून लावायच्या आणि सकाळी थंडच तपासायच्या. मग तापवून देण्याचं काम उरणार नाही. तुमची खुर्ची इथे उरणार नाही.”

“हे मलाच सांगताय, आणि वर माझीच मदत मागताय?”

“काय करू? आमच्या केंद्रात सात तंत्रज्ञ आहेत. सगळ्यांना विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, हे काम फक्त मामांनाच जमेल.”

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मामींची खिडकी मामांच्या मनातून गेली नव्हती, हे खरे. पण त्या क्षणी मामा उठले ते खिडकीसाठी उठले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. सात तंत्रज्ञांच्या त्या वाक्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर असे अलगद चढवले, की शेंड्यावर पोचल्यावरच त्यांना उंची दिसली.

“सातही जण?” त्यांनी खात्री करून घेतली.

“सातही.”

“त्यातला तो चष्मेवाला पण?”

“तो सगळ्यात आधी.”

मामांनी डोक्यावरची टोपी काढून खुर्चीच्या हातावर लटकवली. गिऱ्हाइकांची यादी त्यांना पाठ होती. सहा दिवसांत एकोणीस घरी मॅडमना घेऊन ते सकाळी सकाळी हजर झाले, गाडी अजून रात्रीच्या थंडीत असताना. त्यांनी कुणालाही फसवले नाही. डॉक्टरांनी विचारले, “मामा, यात माझा काही तोटा?” तेव्हा त्यांनी आधी आकाशाकडे, मग पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिले आणि सांगितले, “होऊ शकतो.” डॉक्टर हसले, मामांची थट्टा आहे असे समजून त्यांनी किल्ली दिली.

मामांनी चालवायचे, मॅडमनी शेजारी बसून मीटरचा पडदा स्वतःच्या बाजूला वळवून धरायचा. पहिल्या गाडीत, चढाच्या मध्यावर, मामा म्हणाले, “आता!”

मॅडमनी पडद्याकडे पाहिले. आकडा जिन्यावरून घरंगळल्यासारखा खाली येत होता. त्यांनी वेळ लिहून घेतली.

“आला ना खाली?” मामांनी विचारले.

“मला सांगायची परवानगी नाही. साक्षीदाराला आधीचा निकाल कळता कामा नये.”

“निदान मान तरी हलवा.”

“मानही नाही.”

हे मामांना फार जड गेले. सहा दिवस त्यांनी एकोणीस गाड्यांत एकोणीस वेळा “आता!” म्हटले, आणि एकदाही त्यांना शाबासकी मिळाली नाही. चौथ्या दिवशी तर त्यांनी पडदा समोरच्या काचेत उमटतो का, हे मान वाकडी करून पाहिले. मॅडमनी आपली ओढणी त्यावर टाकली. घरी आल्यावर ते मामींना प्रत्येक चढाची हकीकत सांगत, आणि मामी ऐकता ऐकता त्यांच्याकडे अशा पाहत, जणू एखादा वाचक ग्रंथालयाचे पुस्तक परत करायला स्वतःहून आला आहे.

“अहो, कळतंय ना काय करताय ते? खुर्ची जाईल तुमची.”

“जाईल तेव्हा जाईल. पण सातही जणांनी सांगितलं, फक्त मामाच.”

फाटकावर कुणकुण लागायला वेळ लागला नाही. औषधांच्या दुकानाचे मालक, मामांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, रांग सोडून खुर्चीपाशी आले. “मामा, ऐकतो ते खरं का? सहा वर्षं आमचं मीठ खाल्लंत आणि आता सरकारच्या बाजूने धूर मोजता?”

“मीठ नाही, तुम्ही खणात खोकल्याच्या गोळ्या ठेवायचात,” मामा म्हणाले. “त्याही मुदत संपलेल्या.”

रांग हसली, पण दुकानदारांनी त्या दिवशी किल्ली दिली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी दिली नाही. संध्याकाळपर्यंत टोपी डोक्यावरच राहिली, आणि मामांकडे बोलायला पुष्कळ वेळ असूनही ऐकायला माणूस नव्हता. रखवालदार तेवढा उभा होता, पण त्याने सगळे आधी ऐकलेले होते. घरी परतताना मामांनी फाटक ते घर हे अंतर पहिल्यांदाच पायांनी मोजल्यासारखे चालून काढले. आपण काय घालवले, ते त्यांना त्या वाटेवर कळले. पैसा नव्हता तो. पेन्शन पुरत होती. घालवले होते ते सकाळी कुणीतरी आपल्याला शोधत येणे.

मामींनी त्या संध्याकाळी थट्टा केली नाही. त्यावरूनच गोष्ट गंभीर आहे, हे मामांना समजले.

अहवालाचे उत्तर दोन महिन्यांनी आले. मॅडम ते घेऊन स्वतः घरी आल्या, सुट्टीच्या दिवशी, दुपारी. मामींनी चहा टाकला. मामा खुर्चीत ताठ बसले; ही घरची, दोन्ही हात असलेली.

“मान्य झालं,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या वर्षापासून सगळ्या गाड्या थंड तपासायच्या. डॉक्टरांची तिसऱ्या टप्प्यात जाईल, औषधवाल्यांची बहुतेक चौथ्या. लोक ओरडतील. ज्यांना ओरडायचं नाही त्यांनी इंजिन दुरुस्त करून घ्यावं, किंवा आठ मिनिटांचा रस्ता चालत जावं.” त्या मामांकडे वळल्या. “आणि तुमचं काम थांबेल, मामा. मला ते पत्राने कळवायचं नव्हतं.”

मामी चहाचा ट्रे धरून दारातच उभ्या राहिल्या. मामांचा चेहरा त्यांना बाजूने दिसत होता. चाळीस वर्षांच्या सहवासात त्यांनी या चेहऱ्याला रागावलेले, फुगलेले, फुशारलेले पाहिले होते; आता तो कुठल्या बाजूला वळेल, हे त्यांना सांगता येईना.

“ते ठीक,” मामा म्हणाले. “अहवालात माझ्याबद्दल काय लिहिलंय?”

मॅडमनी पान उलटले. “‘अनुभवी चालकाने केवळ ध्वनीवरून नोंदवलेली वेळ एकोणीसपैकी सतरा वाहनांत मीटरशी तंतोतंत जुळली.’ साहेबांनी त्याच ओळीखाली रेघ मारली आहे.”

“सतरा?”

“सतरा, मामा. फार मोठी गोष्ट आहे. वरच्या कार्यालयात—”

“एकोणीसपैकी सतरा?”

“अहो,” मामी दारातून म्हणाल्या, “कौतुक करताहेत त्या तुमचं.”

पण मामा उभे राहिले होते. दोन महिने दबून बसलेला आवाज त्यांना पुन्हा सापडला. “दोन कुठल्या? नाही, सांगा. आता तर निकाल लागलाय, आता सांगायला हरकत नाही.”

मॅडमनी यादीवर बोट फिरवले. “संगीत शिकवणाऱ्या बाईंची छोटी गाडी. तिथे तुम्ही दीड मिनिट आधी म्हणालात. आणि बेकरीवाल्यांची व्हॅन. तिथे दोन मिनिटं उशिरा.”

“हां!” मामांनी तळहातावर मूठ आपटली. “ती बाई मागे बसून सूर लावत होती की नाही? इंजिनाचा सूर कुठला आणि तिचा कुठला, देवाला तरी कळेल का? आणि व्हॅनमध्ये मागे रिकामे ट्रे. वरून तुम्ही मला विचारलंत, मामा, बसला किती गिअर असतात. विचारलंत की नाही?”

“विचारलं खरं,” मॅडम म्हणाल्या.

“साक्षीदाराशी बोलायचं नव्हतं, मग तुम्ही का बोललात? या दोन चुका माझ्या नाहीत. एक त्या बाईंची आहे, एक तुमची. सरकारी कागदावर माझ्या नावाला दोन चुका कायमच्या लागणार, आणि मी बघत बसू?”

“पण मामा, नियम झालासुद्धा. आता त्याने काय फरक पडणार?”

“नियमाला पडत नसेल.”

मॅडमनी मामींकडे पाहिले. मामींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्यापुढचा कप मुद्दाम थोडा लांब सरकवला, हातवारे करताना सांडू नये म्हणून. “मीटर परत केलंत का हो कॉलेजला?” त्यांनी मॅडमना विचारले.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “आता केंद्रासाठी तेच विकत घेतलं.”

एवढे ऐकायला मामा थांबले नव्हते. ते आतल्या खोलीत जाऊन फोनवर बोलू लागले होते, आणि बसच्या टपावर सामान चढवणाऱ्याला सूचना द्याव्यात अशा आवाजात बोलत असल्यामुळे बाहेरच्या दोघींना एकेक शब्द ऐकू येत होता.

“बाई, मी मामा बोलतोय, फाटकावरचा. उद्या सकाळी तुमची गाडी घेऊन एक फेरी मारायची आहे. नाही, नाही, तुम्ही यायचं नाही. तुम्ही घरीच गायचं. आणि हे बघा, मी येईपर्यंत किल्लीला हातही लावू नका. गाडी अगदी गार राहू द्या.”